गळती बघणारे मालक

चिखलीत समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरमालकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये समुद्रात चालवायच्या लांबलचक बोटी निजवलेल्या असत आणि नवा कुरिअरवाला सही घेताना हमखास विचारायचा, "इथपर्यंत पूर येतो का हो आजी?" इंद्रायणी जवळच आहे, पण तिच्यावर साबणासारखा फेस असतो. तिच्यात बोट घालायची तर आधी बोटीची माफी मागावी लागेल.

मी तेव्हा तरुण होते. बासष्ट वर्षांची. परभणीकडच्या शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले होते, मालकांच्या घरात वरच्या मजल्यावर, भाड्यानं. दात स्वतःचे होते, गुडघे ऐकत होते. अक्कल सोडून बाकी सगळं जागच्या जागी होतं. एक गुण मात्र माझ्यात फार मोठा आहे असं मला वाटायचं. सांत्वन. कुणाकडे काही वाईट घडलं की फिक्या रंगाची साडी नेसून मी दारात हजर. आवाज खाली आणायचा, समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "जे व्हायचं ते होऊन गेलं. मनाला लावून घेऊ नका." परभणीत मला यासाठी लोक खास बोलावून न्यायचे. निदान माझी तशी समजूत होती. न्यायला रिक्षा पाठवायचे म्हणजे मागणी असणारच.

मालक मूळ गावातले. जमीन कारखान्यांखाली गेली आणि त्यांना चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली. गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या बनत तिथं. मालकांचं काम एकच. टाकी पाण्यात बुडवायची, आत हवा सोडायची आणि बघत बसायचं. उभा जन्म त्यांनी बुडबुड्याची वाट बघण्यात घालवला.

"बुडबुडा आला का रिजेक्ट," ते सांगायचे. "त्यात दयामाया न्हाई. आमी टाकी पास केली म्हंजी ती पास."

निवृत्तीनंतर कंपनी सुटली, नजर सुटली नाही. अंगणात एक निळं पिंप आडवं कापून पाण्यानं भरलेलं असे आणि मालक त्याच्यापाशी उकिडवे बसून जगातली प्रत्येक पोकळ वस्तू त्यात बुडवत. भाडेकरूंचे डबे, थर्मास, पोरांचे चेंडू. आळीतल्या बायका कुकरची रिंग दाखवायला आणायच्या. माझी गरम पाण्याची पिशवी मी विश्वासानं बाहेर वाळत घातली, तर तासाभरात मालक ती दोन बोटांत धरून जिन्यात उभे. "मास्तरीणबाई, पिशवी रिजेक्ट." नवी कोरी पिशवी! मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. पुढच्याच आठवड्यात ती पिशवी अंथरुणात फुटली. त्यानंतरही मी बोलले नाही, पण कारण बदललं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत होता. लग्न झालेलं, एक लहान मुलगी. बायको शांत, डोळ्यांनी बोलणारी. हा मुलगा सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर कोकणात जाऊन कयाक चालवायचा. पुढं त्यानं स्वतःचीच घेतली. लालभडक, जीपपेक्षा लांब, कमरेएवढी रुंद. ती पहिल्यांदा अंगणात उतरली तेव्हा मी वरून विचारलं होतं, "एवढ्या लांब ताटात वाढणार काय?" तो मोठ्यानं हसला होता. त्याच्याबद्दल मला आठवतं ते एवढंच, एक हसू. बाकी सगळं नंतर ऐकलेलं.

ही बोट कशी असते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस मधल्या खळग्यात पाय लांब करून बसतो. त्याच्या पुढं आणि मागं बंद कप्पे असतात, वर झाकणं. कप्प्यात सामान राहतं, पण खरी राहते ती हवा. बोट उलटली, खळगा पाण्यानं भरला, तरी कप्प्यातल्या हवेवर ती तरंगत राहते. खळगा आणि कप्पा यांच्यामध्ये एक आडवी भिंत असते. आणि त्या भिंतीत, सुईनं पाडावं तसं, एक बारीक भोक असतं.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. घाट चढला-उतरला, ऊन तापलं, पाणी गार लागलं, की आतली हवा फुगते, आकसते. तिला जायला-यायला तेवढी वाट लागते. त्यातून पाणी झिरपलं तर दिवसभरात पेलाभर.

हे मालकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त मुलाची बोट तपासली. प्रेमानं तपासली. खळग्यात पाणी भरलं, मागच्या कप्प्यात डोकं घातलं आणि भिंतीवर एक थेंब बघितला. थेंब! मुलगा समुद्रात जाणार आणि बोटीला गळती! कंपनीतल्यासारखं पक्कं सीलंट आणून त्यांनी दोन्ही भिंतींतली भोकं बुजवली. झाकणांखाली नवं जाड रबर बसवलं. पुन्हा पाणी भरून बघितलं. कोरडं ठणठणीत.

"बाबा, झाली का पास?" मुलानं निघताना घाईत विचारलं होतं.

"पास," मालक म्हणाले होते.

तो दिवस पावसाळा संपल्यानंतरचा, स्वच्छ उन्हाचा. किनाऱ्यापासून बरंच आत वारा फिरला आणि मुलाची बोट उलटली. यात विशेष काही नाही, अशा बोटी उलटतातच, परत सरळ करून आत बसायचं शिकवतात. पण ही बोट सरळ होईना. तिची मागची बाजू खाली गेली आणि टोक आकाशाकडं करून ती उभी राहिली. बरोबर मित्र दोघं होते, त्यांना त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहत होता. त्या वाऱ्यानं मुलाला ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी मच्छीमारांना सापडला. अंगात तरंगतं ठेवणारं जॅकेट होतं, म्हणून सापडला.

बोट नंतर मिळाली. किनाऱ्यावर बोटींचा धंदा करणाऱ्या एकानं ती परत पाठवताना मालकांना फोन केला. म्हणाला, काका, मागची भिंत कडेनं उकललीय. आतलं भोक कुणी बुजवलं?

एवढंच. त्याला काय माहीत तो कुणाला विचारतोय.

त्या दिवसापासून मालकांनी एक प्रश्न धरला. पेपरवाल्याला, दूधवाल्याला, गॅसची टाकी खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसालासुद्धा. "भोक मी बुजवलं. बोट त्यानं फुटली. आता सांगा, पोरगं कुनामुळं गेलं?"

आणि लोक तरी काय म्हणणार? "असं कसं म्हणता भाऊ, लाटच मोठी होती." "काळ आला होता राव." गॅसवाला बिचारा म्हणाला, "साहब, आपने तो भले के लिए किया."

मालक ऐकून घेत, मान हलवत आणि पाठ फिरवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. सुनेलाही त्यांनी विचारलं. तीही म्हणाली, "बाबा, असं बोलू नका." मग ती मुलीला घेऊन थेरगावला आईकडं गेली ती तिकडंच राहिली. मालक तिला भेटायला जात नसत. जेवायला ताटावर बसत नसत. पिंपाच्या काठावर उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा चावत आणि उरलेला कुत्र्याला टाकत. अंगावरची कातडी कपड्यासारखी सैल झाली.

आणि मी? मी तर यातली तज्ज्ञ. फिकी साडी नेसले, खाली उतरले, त्यांच्याजवळ बसून आवाज पार तळाला नेला. "जे व्हायचं ते होऊन गेलं, मालक. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी पिशवी तपासताना बघितलं होतं तसंच. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुमीपन सांगनार न्हाई का."

मी वर येऊन चहा केला. वाटलं, चला, माणसाला जरा बरं वाटलं असेल. किती मूर्ख असावं बाईनं! बासष्ट म्हणजे कोवळं वयच.

मुलाच्या मित्रांपैकी काहींनी समुद्र सोडला, काहींना सोडवला नाही. मालकांनी त्यांना निरोप धाडला, बोटी माझ्याकडं ठेवा. फ्लॅटमध्ये राहणारी पोरं, बोट ठेवणार कुठं? आली. माझी खिडकी शेडवर उघडते, त्यामुळे इच्छा नसताना माझं सगळं शिक्षण झालं. आता मी झोपेतही सांगू शकते. बोट टांगायची नाही, आणि दोन टोकांच्या कड्यांना बांधून तर नाहीच, मधून वाकते. कुशीवर निजवायची, खाली दोन ठिकाणी रुंद पट्टे. पत्र्याखाली दुपारी भट्टी होते, म्हणून मालकांनी वर उसाचं पाचट टाकलं होतं. समुद्रावरून आली की गोड्या पाण्यानं धुवायची, खारं पाणी अंगावर सुकू द्यायचं नाही. आणि झाकणं उघडी ठेवायची. "झाकनं लावून ठेवू नका," दर वेळी, दर पोराला. "कोंडती ती."

एकदा शेजारचा ट्रेलरवाला मदतीला आला. चाकणहून गाड्या भरून नेणारा माणूस. त्यानं एका पोराच्या गाडीच्या टपावरच्या बोटीला ट्रकचा बेल्ट लावला आणि कटकट कटकट दांडी मारत आवळायला लागला. मालक असे धावले की मला वाटलं हाणतात. "आवळू नगं! लोखंड हाय का ते?" "काका, घाटात उडाली म्हणजे?" "हातानं वढून पुरं हाय. तुमच्या आवळन्यापायी तिच्या बरगड्या मोडतील." ट्रेलरवाला माझ्याकडं बघून डोळा मारून गेला. मीही मारला. तेव्हा मला मालक वेडे वाटायचे आणि ट्रेलरवाला देखणा.

पोरं निघताना गेटवर हजेरी. जॅकेट अंगात घालून दाखवायचं, खांद्याला धरून मालक वर ओढणार. हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली हवी, पिशवीत नको. खळग्याच्या काठावर ताणून बसवायचं ते कापड असतं, माणूस कमरेला घालतो. मी त्याला घागरा म्हणायचे, दाढीवाले इंजिनिअर घागरा नेसून उभे राहिले की वरून पदर तोंडाला लावून हसायचे. मालक हसत नसत. घागऱ्याची समोरची फीत बाहेर राहिलीय का, बोटानं चाचपून बघत. बोट उलटली की ती फीत ओढून बाहेर यायचं असतं. आत दुमडली गेली तर माणूस आतच.

"जाताना वाऱ्याच्या तोंडाला जा, येताना वारा आनून सोडंल. वारा पाठीशी घिऊन जानारा हौशी, त्याला येताना रडू येतं. पान्यात घालताना बोटीचं नाक लाटंकडं. किनाऱ्याच्या आन बोटीच्या मधी उभं ऱ्हायाचं न्हाई, लाट बोट उचलून गुडघ्यावर घालती. किनाऱ्यावर कुनाला तरी सांगून जा कधी येनार ते. आन त्याला सांगा, आलो न्हाई तर काय करायचं." पोहायला न येणारा हा माणूस हे सगळं त्या किनाऱ्यावरच्या धंदेवाल्याला फोन करकरून शिकला होता.

शेवटी काडी. उदबत्तीची उघडी काडी घेऊन ते खळग्यात वाकत आणि भिंतीतल्या भोकात घालत. आरपार गेली की गेट उघडत. नाही गेली, माती अडकली असेल, तर सुई, दाभण, काय वाटेल ते. पण काडी गेल्याशिवाय गेट नाही. पोरं गेली की प्रश्न. मलाच, कारण मी खिडकीत. "मास्तरीणबाई, सांगा, कुनामुळं?" मी खिडकी लावून घ्यायचे.

मग एका सकाळी ते जिन्यात आले. म्हणाले, कोकणात जायचंय, लाल बोट घेऊन. तुमी येता का?

मला एकदम भरून आलं. वाटलं, आला माणूस मार्गावर, मुलाच्या नावानं समुद्रात काहीतरी सोडायचं असणार. मी मुलाला सांगितलं, फिकी साडी काढली, नारळ घेतला, वाटेत खायला धपाटे घेतले. रडायला रुमाल घेतला, तोही इस्त्रीचा. मालकांच्या जीपच्या टपावर बोट होती, झाकणं घट्ट लावलेली. मी इतके दिवस खिडकीतून एवढं शिकले होते, तरी तेव्हा ते मला खटकलं नाही.

पौडच्या पुढं मालक बोलले. "भिंत दुरुस्त केली. त्या धंदेवाल्याकडनं शिकून केली, मूळच्यासारखी. आन भोक पुन्यांदा बुजवलंय. त्या टायमाला बुजवलं व्हतं तसंच. तेच सीलंट, तेच रबर."

"कशाला?" मी विचारलं.

"टेस्ट," मालक म्हणाले.

माझ्या मांडीवरचा नारळ मला एकदम जड लागला.

ताम्हिणीच्या वर त्यांनी गाडी थांबवली आणि पायरीवर चढून झाकणावर हात ठेवला. माझाही हात धरून ठेवला. झाकण फुगलं होतं, पोट भरलेल्या माणसासारखं. मग उतार लागला. वळणावळणांनी खाली जाताना मालकांनी काचा उघड्या ठेवायला सांगितल्या. बऱ्याच खाली आल्यावर टपावर आवाज झाला. टक्. कुणीतरी चिमटीत सुपारी फोडावी तसा. मालकांनी गाडी हळू केली नाही, फक्त ओठ मिटले.

श्रीवर्धनच्या अलीकडं एका गावच्या पुळणीवर आम्ही बोट उतरवली. मी एक टोक धरलं होतं, हे माझ्या मुलाला अजून माहीत नाही. मालकांनी बोट समुद्रात नेलीच नाही. पाण्याच्या काठाशी ठेवली, बादलीनं समुद्राचं पाणी आणून खळग्यात ओतायला लागले. मीही ओतलं. खळगा भरला. ते उकिडवे बसले, अंगणात पिंपापाशी बसत तसेच. मला म्हणाले, बसा.

आधी काही नाही. मग मागच्या भिंतीच्या कडेला, पाण्याखालून, एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग कढईत तेल तापल्यावर येतात तशी रांग लागली. आतली हवा बाहेर येत होती आणि तिच्या जागी पाणी आत जात होतं. त्यांनी मागचं झाकण ओढलं, ते आतून चिकटल्यासारखं निघेना, निघालं तेव्हा फस्स करून श्वास सोडल्यासारखं निघालं. आत वीतभर पाणी.

"रिजेक्ट," मालक अगदी हळू म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आता तुमी सोताच्या डोळ्यांनी बघितलं. सांगा मास्तरीणबाई. कुनामुळं?"

माझ्या जिभेवर ते जुनं वाक्य तयार होतं. आवाजही खाली आला होता आपोआप, हात त्यांचा हात धरायला निघाला होता. बुडबुडे अजून येत होते.

"तुमच्यामुळं," मी म्हणाले. "तुम्ही भोक बुजवलंत म्हणून बोट बुडाली. तुमच्यामुळं गेला तो."

मालकांनी डोळे मिटले. मला वाटलं, मी एका माणसाला मारलं. लाटेचं पाणी माझ्या साडीच्या काठापर्यंत येऊन गेलं.

"व्हय," ते म्हणाले. "माज्यामुळं."

मग वाळूत नीट मांडी घालून बसले आणि म्हणाले, "धपाटे आनलेत न्हवं?"

त्यांनी चार खाल्ले. रडत खाल्ले, पण बसून खाल्ले. माझा इस्त्रीचा रुमाल तेल पुसायला उपयोगी पडला. नंतर एका घरच्या विहिरीवरून पाणी मागून त्यांनी बोट आतून-बाहेरून धुतली. नारळ परत आणला, त्याची चटणी झाली.

दोन दिवसांनी ते थेरगावला निघाले. मला बरोबर चला म्हणाले. डांगे चौकात रिक्षा सोडली आणि इमारतीचा जिना ते प्रत्येक मजल्यावर थांबत चढले. सुनेनं दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मुलगी शाळेत होती.

"बाबा, परत तेच सांगणार असाल तर—"

"न्हाई. त्या वक्ताला नुसतं बोललो. आता बघून आलोय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. घाट, टक् आवाज, बुडबुडे. कमी न करता, रंगवून न सांगता, शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला सांगावं तसं.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "भोक का बुजवलंत?"

"दिसलं म्हनून."

"त्याला विचारलं का नाही?"

मालकांनी पेला खाली ठेवला. तिनं रिकामे पेले उचलले, आत नेऊन ठेवले आणि बाहेर येऊन दार उघडून उभी राहिली. "पुन्हा इथं येऊ नका," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता.

जिना उतरताना मालक एकदाही थांबले नाहीत. खाली आल्यावर म्हणाले, "बरोबर बोलली." मी काही म्हणाले नाही. एवढं शहाणपण माझ्याकडं त्या आठवड्यातच आलं होतं.

त्यानंतर तो प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नाही. आणखी काही वर्षं जगले. लाल बोटीची भिंत पुन्हा दुरुस्त केली, भोक पाडलं, तिला कुशीवर निजवलं आणि कुणालाही दिली नाही. नात वाढत होती, तिचे फोटो कुणाकुणाच्या फोनवर बघायचे. थेरगावचं नाव काढायचे नाहीत. दिवाळीत दार वाजलं की मात्र पिंपापाशी बसलेला माणूस झटकन उभा राहायचा आणि मग आपण चुकून उठलो असं दाखवत पुन्हा बसायचा. हे मी खिडकीतून बघितलं आहे. एका दिवाळीला नाही, प्रत्येक.

एका दुपारी ते तिथंच, पिंपाच्या कडेला, आडवे झालेले दिसले. हातात कुणाचा तरी डबा होता. सून आली नाही. नातलगांनी सगळं उरकलं.

काडी आता माझ्याकडं आहे. पोरं निघाली की मी खाली उतरते, गुडघे आता ऐकत नाहीत तरी. खळग्यात वाकता येत नाही, म्हणून पोरांनाच काडी घालायला लावते आणि दुसऱ्या बाजूनं तिचं टोक बघते. दाढीवाले म्हणतात, "आजी, आम्ही तपासलंय हो." मी म्हणते, "तुझ्या बापानंही तपासलं असेल. घाल काडी."

मालक गेल्यावर महिन्याभरानं त्यांची सून आली. एकटी. घर आता तिचं होतं, तरी गेटच्या बाहेरच उभी राहिली. मी खाली गेले. फिकी साडी नेसायला मला वेळ नव्हता आणि आठवणही झाली नाही.

"तुम्ही होतात ना त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "समुद्रावर."

"होते."

"त्यांनी तुम्हालाही विचारलं असेल. कुणामुळं म्हणून."

"विचारलं."

"काय म्हणालात?"

मी सांगितलं. जे म्हणाले होते तेच, त्याच शब्दांत. ती गेटच्या गजाला धरून उभी होती. शेडमध्ये लाल बोट दिसत होती तिला, तिथूनही.

"मला सांगता आलं नाही," ती म्हणाली. "मी नुसतं दार उघडलं."

रस्त्यावरून कंपनीची बस गेली, धूळ उडून खाली बसली. मी तिचा हात धरला नाही. मग, आता घरमालकीण तीच, म्हणून विचारायला हवं ते विचारलं. "शेड रिकामी करायची का? तुझी बोट कुठं पाठवू?"

ती वळली होती. दोन पावलं जाऊन थांबली.

"राहू द्या इथंच," ती म्हणाली. "झाकणं तेवढी लावू नका."